घरजावई सिस्टीम

महेंद्र रोकडे १९९५ साली लग्नानंतर दोन महिन्यांसाठी सासुरवाडीला राहायला आला, आणि २००९ साल संपत आलं तरी ते दोन महिने काही संपले नव्हते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्याच्या थोरल्या भावाची एक खोली होती. त्या खोलीत भाऊ, वहिनी, त्यांची चार मुलं आणि एक शिलाई मशीन आधीच गुण्यागोविंदाने भांडत होते. तिथे नव्या नवरीला ठेवायचं कुठे, असा प्रश्न पडला तेव्हा सासरे रामभाऊ ओव्हाळ, ज्यांना महेंद्र मामा म्हणायचा, मोठ्या मनाने म्हणाले, "जागा मिळेपर्यंत आमच्याकडे राहा. घर तुमचंच आहे." शेवटचं वाक्य ते पुढची चौदा वर्षं अधूनमधून म्हणत राहिले. ज्याचं घर खरोखर त्याचं असतं, त्याला असं पुन्हा पुन्हा कुणी सांगत नाही, हे महेंद्रला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

रामभाऊ अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी बदलापुरात छापखाना काढला आणि त्याला आपल्या मुलाचं नाव दिलं, 'सम्यक आर्ट प्रिंटर्स'. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि त्याला शाईचा वास सहन होत नसे. मशीन महेंद्र चालवायचा, कंपोझ महेंद्र करायचा, प्रूफ महेंद्र वाचायचा. रामभाऊ काउंटरवर बसून येणाऱ्याला जय भीम करायचे. महेंद्रला पगार नव्हता, कारण घरच्या माणसाला कसला पगार. त्याचं नाव रेशनकार्डावर नव्हतं, कारण जावयाचं नाव सासऱ्याच्या कार्डावर कसं चढवायचं. कामाच्या वेळी घरचा आणि कार्डाच्या वेळी जावई, अशी ही सोय कुणी मुद्दाम केलेली नव्हती. ती आपोआप झाली होती, म्हणून तर ती इतकी टिकली.

छापखान्याचा जीव होता लग्नपत्रिकांत, आणि पत्रिकांचा जीव एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. ते १९९८ साली घेतलेलं. त्यातली अक्षरं गोल, भरदार, वेलांट्या लफ्फेदार. ते बनवणाऱ्यांनी पुढे दुकान बंद केलं. मग २००५च्या सव्वीस जुलैला उल्हास नदी छापखान्यात शिरली. छापखाना तेव्हा पश्चिमेला, नदीच्या अंगाला होता. कॉम्प्युटर बुडाला. रामभाऊंनी कपाळाला हात लावला. महेंद्रने मात्र हार्ड डिस्क काढली, पुसली आणि आठ दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. त्यानंतर ती एकच दिवस चालली, पण तेवढ्यात त्याने आतलं सगळं उतरवून घेतलं. तो तांदूळ पुढे घरात शिजला आणि सम्यकने भाताला वास येतो म्हणून तक्रार केली.

उतरवलेलं ते सगळं महेंद्रने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवलं. असं करून देणारं सॉफ्टवेअर मिळतं. खऱ्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा राहतो, आणि त्यात जुनी सिस्टीम जुनीच कामं करत राहते. बाहेरच्याला इंग्रजीत होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान. आतल्याला गेस्ट, म्हणजे पाहुणा. गंमत अशी की आतल्याला आपण पाहुणे आहोत याचा पत्ताच नसतो. आपली स्वतःची पेटी आहे, स्वतःची मेमरी आहे, असं समजून तो खुशाल राबत असतो. छापखाना नंतर पूर्वेला, कात्रपमध्ये, घराखालच्या गाळ्यात आला, पण पत्रिका त्याच पोटातल्या कॉम्प्युटरमधून निघत राहिल्या.

नोव्हेंबरात सम्यकचं लग्न ठरलं. मुलगी मोरिवलीची, तारीख सत्तावीस डिसेंबर. बौद्धांच्या लग्नाला मुहूर्त नसतो, रविवार असतो. तो हॉलसकट मिळाला होता. आता पत्रिका करायची होती, आणि घरच्या छापखान्यातून घरचीच पत्रिका निघणार म्हटल्यावर महेंद्रच्या मनात एक गोष्ट येऊन बसली.

पत्रिकेच्या तळाशी 'निमंत्रक' म्हणून नावं असतात. लग्नाला बोलावणारी माणसं, म्हणजे घरची माणसं. महेंद्रने अकरा वर्षांत हजारो पत्रिका लावल्या होत्या आणि निमंत्रकांवरून काय काय होतं ते पाहिलं होतं. नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणून न जेवता परतलेले काका पाहिले होते. टाइप एक नंबर बारीक आला म्हणून अबोला धरलेले आजोबा पाहिले होते. मेलेल्यांनासुद्धा जागा असायची. 'कालकथित' म्हणून नावाआधी लिहायचं, की झालं. चौदा वर्षं ज्या घरात जेवलो, ज्या घराचं नाव छापून छापून बोटं काळी केली, त्या घराच्या निमंत्रकात आपलं एक नाव यावं, एवढंच त्याला वाटत होतं. हे तो कुणाला बोलला नाही. मागून घेतलेल्या मानाला काय अर्थ असतो.

एका शनिवारी रामभाऊंनी मजकूर दिला आणि निमंत्रकांची वरची तीन नावं सांगितली. स्वतः रामभाऊ, सासूबाई द्रौपदी आणि रामभाऊंचे धाकटे भाऊ हरिचंद्र. "बाकीची मागाहून सांगतो," म्हणाले आणि वर चहाला गेले. महेंद्रने तिन्ही नावं लावली. मग त्याने चौथ्या ओळीत 'आयु. महेंद्र रोकडे' असं टाइप केलं, नुसतं कसं दिसतं ते बघायला. बरं दिसत होतं. 'द्र'चा फाटा तर फारच देखणा उतरला होता. ते त्याने सेव्ह केलं नाही आणि खोडलंही नाही. आतलं मशीन बंद न करता आहे तसं झोपवून ठेवायची सोय असते, तसं झोपवलं आणि वर गेला. चाळीस वर्षांचा माणूस, पण रविवारभर स्वतःशीच हसत होता.

त्याच रविवारी सम्यकने कॉम्प्युटर अपग्रेड केला.

सम्यकने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, म्हणजे फी भरली होती. त्या महिन्यात नव्या सिस्टीमचा फार गवगवा होता. खिडक्या काचेच्या दिसतात, मागचं पुढून दिसतं, वगैरे. सम्यकने मित्राकडून डीव्हीडी आणली आणि कुणाला न विचारता घातली. सोमवारी सकाळी तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "दाजी, एकदम मक्खन चालतंय बघा. तुमचं ते जुनं भंगार पण आत कुठेतरी सेफ आहे. टेन्शन नका घेऊ."

महेंद्रने बघितलं. काच होती. काचेमागे काही नव्हतं. पोटातला कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर गेलं होतं, त्याची फाइल सापडत नव्हती, आणि अकरा वर्षांच्या पत्रिका तिच्यातच होत्या.

"जुनं कशाला पाहिजे?" सम्यक म्हणाला. "यात मराठी डायरेक्ट येतं. मीच लावतो माझी पत्रिका."

त्याने लावली. नवं मराठी टायपिंग आणि डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर यांचं आपसात जमत नव्हतं आणि ऱ्हस्व वेलांट्या ज्याच्या त्याच्या डोक्यावर न बसता शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसल्या. रामभाऊंनी चष्मा लावून प्रूफ हातात घेतलं.

"हे 'वविाह' काय आहे?"

"विवाह, बाबा. फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. लोक समजून घेतात."

"आणि 'नमिंत्रक' कोण?"

"निमंत्रक. तुम्हीच ते."

रामभाऊंनी चष्मा काढला. "मी तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली," ते शांतपणे म्हणाले. "चुकीचा माल गेटबाहेर गेला नाही. आठ दिवसांत पत्रिका वाटायला घ्यायच्यात. ओव्हाळांच्या घरी वविाह आहे म्हणून मी लोकांना सांगत फिरणार नाही." मग ते महेंद्रकडे वळले. "महेंद्रराव, हे काय झालंय नेमकं? मला समजेल असं सांगा."

महेंद्रने प्रयत्न केला. बाहेरची सिस्टीम यजमान, आतली पाहुणी. यजमान बदलला, त्यामुळे पाहुण्याची पंचाईत झाली. रामभाऊंना कळेना. एका पेटीत दोन कॉम्प्युटर कसे, आतल्याचं सामान कुठलं, वीज कुणाची?

"बाबा, सिंपल आहे," सम्यक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "घरजावई समजा. राहतो दुसऱ्याच्या घरात, जागा दुसऱ्याची, वीज दुसऱ्याची, आणि वाटतं आपलंच घर आहे."

"आत्ता कळलं," रामभाऊ म्हणाले, आणि मग काय कळलं ते ध्यानात येऊन त्यांनी उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले. महेंद्रला राग आला, पण प्रामाणिकपणे बघितलं तर या विषयावर इतकी अचूक व्याख्या त्याने कुठे वाचली नव्हती. फक्त सगळी कामं तोच करतो, एवढं सम्यकने गाळलं होतं.

मग तो कामाला लागला. आधी फाइल शोधली. नव्या सिस्टीमने जुन्या सिस्टीमचं सगळं चंबूगबाळं एका फोल्डरात कोंबून ठेवलं होतं, त्याच्या तळाशी ती निघाली. उघडायला गेला तर उत्तर आलं की तुम्हाला परवानगी नाही. ज्या फाइलला त्याने तांदळाच्या डब्यातून जिवंत काढलं होतं, तिच्यासाठी परवानगी. कारण काढलं तर मालकाच्या रकान्यात 'अनोळखी' असं होतं. जुन्या सिस्टीमवरचा महेंद्र नव्या सिस्टीमच्या लेखी कुणीच नव्हता. यावर उपाय होता. मालकी आपल्याकडे घेण्याचं एक बटण असतं. महेंद्रने ते दाबलं. कॉम्प्युटरने ना सासऱ्याला विचारलं, ना मेहुण्याला. दोन मिनिटांत मालक म्हणून 'महेंद्र' असं नाव आलं. त्याने ते थोडा वेळ पाहिलं. असं आयुष्यात दुसरीकडे कुठे लिहिलेलं नव्हतं.

पण फाइल चालवणारं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि नव्या सिस्टीमवर बसायला तयार नव्हतं. नवं उतरवून घ्यायला छापखान्यातलं इंटरनेट दोन दिवस घेणार होतं. म्हणून मंगळवारी सकाळी महेंद्र उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, आपल्या जुन्या सिंधी शेठकडे गेला. लग्नाआधी तो याच दुकानात कॉम्प्युटर जोडायला शिकला होता. शेठने त्याला सॉफ्टवेअर उतरवायला मशीन दिलं, पापड दिला आणि बाजूला येऊन बसला.

"क्या साईं, अभी भी ससुराल में?"

"हां सेठ."

"पगार कितना देता है ससुर?"

"घर का काम है, सेठ. पगार कैसा."

शेठने पापडाचा तुकडा मोडला. "मेरे यहाँ तू पराया था," तो म्हणाला, "तो हर महीने पगार मिलता था." महेंद्र हसला. परतताना मात्र बदलापूर येईपर्यंत तेच वाक्य त्याच्या कानात घोळत होतं.

दुपारी नवं सॉफ्टवेअर बसलं. त्याने फाइल लावली आणि मशीन सुरू केलं, तेव्हा पडद्यावर एक चौकट आली. मराठीत सांगायचं तर तिचा अर्थ असा होता: हे मशीन झोपलेलं आहे. ज्या घरात झोपलं होतं ते घर आता नाही, त्यामुळे झोपेतून तसंच उठवता येणार नाही. झोपताना मनात जे काही होतं ते टाकून द्यायचं असेल तर कोरं उठवतो. टाकून देऊ?

झोपताना मनात काय होतं, ते महेंद्रला माहीत होतं. जुन्या पत्रिका सगळ्या सेव्ह केलेल्या होत्या, त्यांना धक्का नव्हता. शनिवारी लावलेला मजकूर तेवढा जाणार होता. तीन नावं, आणि चौथ्या ओळीतलं एक. ते नाव त्या यादीत जगात फक्त तिथेच होतं. त्याने दुसरा काही मार्ग निघतो का ते तासभर बघितलं. मजकूर पुन्हा टाइप करायला दहा मिनिटं लागली असती, पण तो तासभर बघत राहिला. मग रामभाऊ मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जमतंय का, महेंद्रराव?" तेव्हा त्याने 'टाकून द्या' दाबलं.

जुनी सिस्टीम उठली. तोच हिरवट-निळा पडदा, तीच ओबडधोबड चित्रं, अकरा वर्षांतली सगळी लग्नं जागच्या जागी. आतून बाहेर फाइल द्यायचा एक सामाईक फोल्डर होता, त्याचा पत्ता बदलला होता, तो नव्याने सांगितला. रामभाऊंनी हौसेने माऊस हातात घेतला. पडद्यावरचा बाण आतल्या कॉम्प्युटरमध्ये गेला आणि बाहेर येईना. त्यांनी माऊस आपटून पाहिला. महेंद्रने उजवीकडचं कंट्रोल बटण दाबून सोडवून दिला. ते बटण त्या घरात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मग चाचणीसाठी एक शब्द छापला, आणि कागदावर 'विवाह' आला, वेलांटी जिथल्या तिथे.

"मी म्हटलं नव्हतं, आत सेफ आहे म्हणून?" सम्यक म्हणाला.

रामभाऊंनी महेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस सहसा कुणाला हात लावत नसे. "महेंद्रराव, तुम्ही नसता तर माझ्या पोराची पत्रिकाच निघाली नसती," ते म्हणाले. महेंद्रला भरून आलं. आता नाव येणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

बुधवारी रामभाऊंनी पूर्ण यादी आणली, फॅक्टरीतल्या रिपोर्टसारखी रेघा मारून. वर कालकथित आजोबांचं नाव. मग रामभाऊ, द्रौपदी, हरिचंद्र. मग वांगणीचे चुलतभाऊ चिंतामणी, जे गेली सहा वर्षं या घरी आले नव्हते. त्यांच्याखाली समस्त ओव्हाळ परिवार. सगळ्यात शेवटी फुलांच्या चौकटीत लहान मुलांची ओळ, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', आणि त्याखाली प्रीतीचं नाव. प्रीती म्हणजे महेंद्रची मुलगी. तिचं नुसतं नावच होतं, पुढे बापाचं काही नव्हतं.

महेंद्रने यादी उलटून पाहिली. मागे कोरं होतं.

त्याने पत्रिका लावली. प्रूफ काढून वर घेऊन गेला. द्रौपदीबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या आणि अजून बोट ठेवून वाचत. त्यांनी सगळी नावं वाचली. मग बोट पुन्हा वर नेऊन पुन्हा वाचली.

"अवो," त्या रामभाऊंना म्हणाल्या, "यात महेंद्र न्हाई."

"जावयाला निमंत्रकात घालतात का कुठं?" रामभाऊ म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "लोक म्हणतील, ओव्हाळ जावयाला राबवून घेतो. जावयाचा मान निराळा असतो, द्रौपदी. तो आपला पाहुणा."

द्रौपदीबाईंनी महेंद्रकडे बघितलं. त्याने प्रूफ घेतलं आणि खाली गेला. पडद्यावर ती यादी उघडीच होती आणि चिंतामणींच्या खाली एक ओळ सहज मावत होती. एक बटण दाबायचं आणि आठ अक्षरं मारायची. सहाशे प्रती निघाल्यावर कुणाची टाप होती काही म्हणायची. त्याला वाईट वाटत होतं आणि एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटतंय याची लाजही वाटत होती. पण प्रूफ पास झाल्यावर मजकुराला हात लावायचा नाही, हा धंद्याचा नियम त्याने कुणासाठी मोडला नव्हता. त्याने सहाशे प्रती काढल्या. तळाला बारीक अक्षरात 'मुद्रक: सम्यक आर्ट प्रिंटर्स' असं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पत्रिका वाटायला सुरुवात झाली. पहिली विहारात बुद्धमूर्तीपुढे ठेवली. तिथून रामभाऊ आणि द्रौपदीबाई तडक घरी आले. रामभाऊंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. हॉल ओलांडून ते आतल्या खोलीशी गेले आणि दारावर टकटक केली. त्या दारावर चौदा वर्षांत कुणी टकटक केली नव्हती, बाहेरूनच हाक मारायचे. महेंद्रने दार उघडलं. मागे भावना, त्याची बायको, कपड्यांच्या घड्या करत होती.

रामभाऊंनी दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली. पाकिटं सगळी महेंद्रनेच लिहिली होती. हे एक मात्र रामभाऊंनी स्वतः, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: आयु. महेंद्र रोकडे व परिवार, फ्लॅट नंबर तीन, कात्रप, बदलापूर पूर्व. पाठवणाऱ्याचा पत्ता तोच होता.

"पहिली पत्रिका जावयाला," रामभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "सहपरिवार यायचं, महेंद्रराव. ऐन वेळेला नाही. आदल्या दिवशीच राहायला या."

महेंद्रने पत्रिका घेतली, कपाळाला लावली आणि वाकून दोघांच्या पाया पडला. द्रौपदीबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून थांबल्या. मग दोघं पुढच्या घरांना निघून गेले. खाली गाळ्यात, कॉम्प्युटरच्या पोटात, ती जुनी सिस्टीम अजूनही स्वतःच्या घरात होती. तिला कुणी पत्रिका नेऊन दिली नव्हती.

भावनाने पाकीट हातात घेतलं, उलटून पाहिलं, पत्ता वाचला. बराच वेळ वाचला.

"अहो," ती म्हणाली, "जायचं का आपण?"

"बघू," महेंद्र म्हणाला. "आदल्या दिवसापासून राहायला बोलावलंय. शनिवारची सुट्टी मिळते का, ते आधी मामांना विचारायला लागेल."